‘नोस्फेराटू’ एका प्रतीवर तरला नाही

दर काही महिन्यांनी एक मजकूर नव्याने फिरायला लागतो. वरचं चित्र बदलतं, मजकूर तोच राहतो. १९२२ सालचा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ ही ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीची चोरी होती. चोरी उघड होऊ नये म्हणून पात्रांची नावं बदलली. लेखकाच्या हावरट विधवेनं कोर्टात जाऊन सिनेमाच्या झाडून सगळ्या प्रती जाळायला लावल्या. एक प्रत कुणीतरी लपवली, म्हणून आज आपण तो बघू शकतो. सिनेमा तसा कच्चाच आहे, कारण उन्हानं मरणारं पिशाच्च त्यात भर दुपारी रस्त्यानं हिंडतं. आणि पिशाच्चाचं काम करणारा नट कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; तो खराच रक्तपिपासू असावा, अशी तेव्हा कुजबुज होती.

मजकूर वाचायला चटकदार आहे. माझ्याकडे तो पाठवणारे सगळे सिनेमावर प्रेम करणारे आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि चुकांची दिशा एकच आहे. प्रत्येक चूक कुणाच्या तरी कष्टाचं श्रेय काढून ते नशिबाच्या, गूढाच्या किंवा खलनायिकेच्या पदरात टाकते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

नावं बदलण्याचं आधी घेऊ, कारण त्याला उत्तर देणं सोपं आहे. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलं होतं की हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून घेतला आहे आणि हेन्रिक गालेन यांनी त्याची मुक्त रचना केली आहे. ४ मार्च १९२२ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी सभागृहात थाटामाटात पहिला खेळ झाला. त्या खेळाच्या कार्यक्रमपत्रिकेतही स्टोकरचं नाव होतं. तीच पत्रिका कुणीतरी निनावी पाकिटातून लंडनला स्टोकरच्या पत्नीला पाठवली आणि तिथून खटल्याला सुरुवात झाली. ज्याला चोरी लपवायची आहे तो पहिल्याच पाटीवर मालकाचं नाव लिहीत नाही.

मग नावं का बदलली? गालेननं गोष्ट उचलून जर्मनीत नेली होती. लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचं काल्पनिक बंदर आलं, काळ १८३८चा झाला. ड्रॅक्युलाच्या वाड्यावर जाणाऱ्या जोनाथन हार्करचा हुटर झाला, त्याची बायको मीना हिची एलेन झाली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला. मूकपटात मजकूर आणि संवाद पाट्यांवर लिहून दाखवत; पुढे इंग्रजी पाट्यांच्या ज्या प्रती अमेरिकेत फिरल्या, त्यांत स्टोकरचीच मूळ नावं परत घातली गेली. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी याच मूकपटात ‘काउंट ड्रॅक्युला’ हे नाव वाचलं.

एवढं मात्र खरं की परवानगी घेतली नव्हती आणि मानधन दिलं नव्हतं. हे चूकच होतं. पण परवानगीवाचून केलेलं रूपांतर आणि लपवलेली चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नावनं हेच दोन वर्षं आधीही केलं होतं. १९२०च्या ‘डेर यानुसकोफ’मध्ये त्यानं स्टीव्हन्सनचा डॉक्टर जेकिल घेतला, त्याला डॉक्टर वॉरन केलं आणि ती भूमिका कॉनराड फाइटला दिली. एका छोट्या भूमिकेत बेला लुगोसी होता, तोच पुढे अमेरिकेत ड्रॅक्युला म्हणून अजरामर झाला. हा ‘यानुसकोफ’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता ती ‘हावरट विधवा’. हा शब्द वाचला की मला राग येतो. फ्लॉरेन्स स्टोकर यांचे पती १९१२मध्ये वारले. ‘ड्रॅक्युला’ १८९७मध्ये निघाली होती, वाचली जात होती, पण तिनं घरात सोन्याचा धूर काढला नव्हता. पतीच्या मागे राहिलेल्या कथांचा संग्रह १९१४मध्ये फ्लॉरेन्सबाईंनीच छापून घेतला. म्हातारपणी हाताशी होता तो या एका कादंबरीचा प्रताधिकार. एके दिवशी टपालानं कळतं की परदेशात कुणी तरी तिच्यावर सिनेमा काढला आहे, त्याची जंगी जाहिरात केली आहे, आणि आपल्याला एका ओळीनंसुद्धा विचारलेलं नाही. त्या ब्रिटनच्या लेखकसंघाच्या सभासद झाल्या आणि संघामार्फत लढल्या.

समोर होती प्राण-फिल्म ही कंपनी. नाव आपलंच आहे, संस्कृतातलं ‘प्राण’. तिचा एक संस्थापक आल्बिन ग्राऊ हा चित्रकार गूढविद्येत बुडालेला होता, नाव त्या ओढीतून आलं. एन्रिको डीकमान हा दुसरा भागीदार. अद्भुत विषयांवर बरेच सिनेमे काढायचे असा त्यांचा बेत होता, निघाला एकच. जाहिरातीवर पैसा उधळून कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. म्हणजे बाईंनी दावा लावेपर्यंत कंपनीचे खिसे रिकामे झाले होते. जर्मन कोर्टात प्रकरण तीन वर्षं रेंगाळलं. पैसे मिळण्यासारखे नाहीत हे दिसल्यावर हाती राहिलेला एकच उपाय त्यांनी मागितला, निगेटिव्ह आणि प्रती नष्ट करा. १९२५मध्ये तसा आदेश झाला. या सगळ्यातून त्यांच्या पदरी पैसे आले नाहीत. हाव असती तर त्यांनी सिनेमा नष्ट करायला नव्हे, चालवायला सांगितला असता.

याच काळात, १९२४मध्ये, त्यांनी हॅमिल्टन डीनला ‘ड्रॅक्युला’चं नाटक करायला रीतसर परवानगी दिली होती. ते नाटक इंग्लंडच्या गावोगावी चाललं, पुढे ब्रॉडवेवर गेलं, आणि त्याच वाटेनं १९३१चा हॉलिवूडचा बोलपट आला. प्रताधिकार हेच ज्या घराचं उत्पन्न आहे, त्या घराला फुकटात फिरणारी दुसरी आवृत्ती परवडत नाही. लेखकाच्या हक्काबद्दल आपण एरवी तावातावानं बोलतो. मग इथे हक्क मागणारी बाई आहे म्हणून तिला हावरट का ठरवायचं?

कलाकृती जाळून टाका अशी मागणी मला मान्य नाही. हक्क शाबीत करण्यासाठी कलेचा जीव घेऊ नये, असं मी शेवटपर्यंत म्हणेन. पण त्या मागणीपर्यंत बाईंना आणून सोडणारी कंपनी होती, आणि फिरत्या मजकुरात त्या कंपनीबद्दल अवाक्षर नसतं.

आता मूळ मुद्दा, ‘एकच प्रत वाचली’. गैरसमज सगळ्यात खोल इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूकपट विकला कसा जायचा ते आधी बघा. मूळ निगेटिव्हवरून प्रती काढायच्या आणि त्या देशोदेशीच्या वितरकांना द्यायच्या. बोलपटासारखी भाषेची अडचण नसायची. वितरक आपल्या भाषेतल्या पाट्या करून जुन्या पाट्यांच्या जागी चिकटवायचा, कधी एखादं दृश्य कापायचा, कधी क्रम बदलायचा. म्हणजे सिनेमा बाहेर पडला की तो एक वस्तू राहत नसे. पॅरिसमध्ये एक ‘नोस्फेराटू’, प्रागमध्ये दुसरा, बर्लिनमध्ये तिसरा. पॅरिसला तो १९२२मध्येच पोहोचला होता. कोर्टाचा आदेश झाला १९२५मध्ये, तोही जर्मन कोर्टाचा. मधल्या तीन वर्षांत परदेशी गेलेल्या प्रतींपर्यंत त्या कोर्टाचा हात कसा पोहोचणार होता?

तो पोहोचला नाहीच. १९२८मध्ये लंडनच्या फिल्म सोसायटीनं हा चित्रपट दाखवला, खुद्द फ्लॉरेन्सबाईंच्या शहरात. १९२९मध्ये तो न्यूयॉर्कच्या पडद्यावर आला. आणि १९३०मध्ये तर एक अजब प्रकार झाला. नष्ट करायचा आदेश असलेला हा चित्रपट खुद्द जर्मन भाषेत ‘डी झ्वोल्फ्ट श्टुंड’, म्हणजे ‘बारावा तास’, अशा नव्या नावानं, पात्रांची नावं पुन्हा बदलून, नवी दृश्यं जोडून आणि आवाजाची साथ देऊन परत बाजारात आला. मुर्नावचा त्यात हात नव्हता. ही भ्रष्ट आवृत्ती आहे, पण ती निघू शकली याचाच अर्थ आदेशानंतर पाच वर्षांनीही वापरण्याजोगं साहित्य शिल्लक होतं.

फ्रेंच प्रतीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हुटर पूल ओलांडून ऑरलॉकच्या मुलखात शिरतो, तेव्हा फ्रेंच पाटीवर वाक्य येतं की पुलाच्या पलीकडे जाताच भुतं त्याच्या भेटीला आली. जर्मन पाटीतली शब्दकळा वेगळी आहे. हे वाक्य कुण्या अनाम फ्रेंच भाषांतरकाराचं. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ आणि त्याच्या अतिवास्तववादी मित्रांना या एका ओळीनं वेड लावलं. भाषांतरकाराचं नाव कुठे लागलेलं नाही. जी प्रत म्हणजे निव्वळ नशीब म्हणून सांगितली जाते, तिच्यावर अशा किती हातांचे ठसे आहेत बघा.

आज आपण जो ‘नोस्फेराटू’ बघतो तो एका प्रतीवरून आलेला नाही, हे तर जीर्णोद्धार केलेल्या आवृत्तीच्या आरंभीच लिहिलेलं असतं. वाचायचा कंटाळा केला नाही तर वाद तिथेच मिटतो. पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहातली १९२२ची, रंगछटा असलेली, फ्रेंच पाट्यांची प्रत हा तिचा पाया. तिच्यात नसलेले तुकडे आले जर्मनीच्या संघीय संग्रहातल्या १९३९च्या एका प्रतीतून, आणि ती प्रत स्वतः विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या चेक निर्यात-प्रतीवरून काढलेली. आणखी काही शॉट त्या बदनाम ‘बाराव्या तासा’च्या १९३०च्या प्रतीतून घेतले. मूळ जर्मन पाट्या, पत्रं आणि पुस्तकाची पानं मिळाली पूर्व जर्मनीच्या सरकारी संग्रहातल्या १९६२च्या प्रतीत, जी १९२२च्या प्रतीवरून उतरवलेली होती.

चार वाटा. त्यातली एक पोलादी पडद्याच्या पलीकडची, एक अशा आवृत्तीची जिला जाणकार नाकं मुरडायचे. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एन्नो पातालासनं १९८०च्या दशकात हे तुकडे जुळवायला घेतले, १९९५मध्ये इटलीतल्या बोलोन्यात आणखी एक टप्पा झाला, आणि २००५-०६मध्ये मुर्नाव प्रतिष्ठानासाठी लुसिआनो बेर्रिआतुआनं आजची आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे वीसेक वर्षं माणसं टेबलाशी बसून, भिंगातून एकेक चौकट तपासत, या प्रतीतला हा शॉट त्या प्रतीत किती लांब आहे, पाटी आधी की नंतर, हे ठरवत होती. ‘एकानं लपवली म्हणून वाचला’ म्हटलं की हे सगळं काम पुसून जातं.

कोर्टाच्या आदेशानं नुकसान झालंच नाही असं मात्र मी म्हणत नाही. मूळ निगेटिव्ह आज नाही. हान्स एर्डमाननं या चित्रपटासाठी रचलेलं संगीत जसंच्या तसं उरलेलं नाही, त्यातल्याच सुरावटींच्या वेगळ्या छापलेल्या संचावरून (‘स्वीट’) ते पुन्हा उभं करावं लागलं. त्यामुळे पहिल्या रात्री बर्लिनच्या प्रेक्षकांनी नेमकं काय पाहिलं आणि ऐकलं, ते आपल्या वाट्याला येत नाही.

पण आता त्या ‘यानुसकोफ’कडे वळा. तोच दिग्दर्शक, तशीच परवानगीवाचून उचललेली व्हिक्टोरियन इंग्लंडमधली गोष्ट. त्याच्यावर कुणी खटला लावला नाही, प्रती जाळायचा आदेश काढला नाही. तो नाहीसा झाला. एकही प्रत सापडलेली नाही. मुर्नावचे असे आणखीही चित्रपट हरवले आहेत, त्यात त्यानं अमेरिकेत काढलेला ‘फोर डेव्हिल्स’सुद्धा आहे, आणि त्यामागे तर भलामोठा स्टुडिओ होता. कोर्टानं मारायला सांगितलेला जगला आणि ज्याला कुणी हात लावला नाही तो गेला. सिनेमे आदेशानं मरत नाहीत, दुर्लक्षानं मरतात. नायट्रेटची फिल्म पेट घेते, दमट हवेत तिची पावडर होते, आणि खेळ संपला की तिच्यातली चांदी काढायला ती वितळवली जाते. बोलपट आल्यावर मूकपटाच्या डब्यांना किंमतच उरली नाही.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ‘नोस्फेराटू’च्या विरोधात आदेश झाला त्याच १९२५ साली बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आला. त्याच्यावर ना कोर्टाचा आदेश होता ना कुणाचा वैरभाव, तरी तो मूकपट आज उपलब्ध नाही. फाळक्यांचीही मोजकीच रिळं हाती राहिली, तीही पुण्याच्या चित्रपट-संग्रहात पी. के. नायर यांच्यासारखी माणसं डबे शोधत हिंडली म्हणून. जळण्याची नाट्यमय गोष्ट सांगताना आपण सडण्याची साधी गोष्ट विसरतो.

पुढचा आरोप, ‘पिशाच्च भर उन्हात हिंडतं’. हा मजकूर लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही, कारण मलाही एकेकाळी तसंच वाटलं होतं. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो एका धुरकट, काळ्यापांढऱ्या प्रतीत. ऑरलॉक काखेत शवपेटी धरून विस्बोर्गच्या चौकातून चालला आहे, भिंतींवर उन्हाच्या स्वच्छ सावल्या, आणि थोड्या वेळानं हाच प्राणी सूर्यकिरणानं विरून जातो. दिग्दर्शकाच्या हातून घोडचूक झाली, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

घोडचूक त्या प्रतीची होती. १९२२ची फिल्म रात्रीचं दृश्य रात्री टिपण्याइतकी संवेदनशील नव्हती. बाहेरची रात्र दिवसाच टिपायची आणि मग ती पॉझिटिव्ह फिल्म रंगाच्या द्रावणात बुडवायची, हा तेव्हाचा सर्वमान्य रिवाज. निळी छटा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याच्या उजेडातली खोली किंवा दिवस, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकाला ही भाषा पाठ होती, जसं आपल्याला संगीत नाटकात पेटीचा सूर लागला की पद येणार हे कळतं. पुढे जुन्या प्रतींवरून काळ्यापांढऱ्या फिल्मवर नकला काढल्या गेल्या तेव्हा चित्र उतरलं, रंग उतरले नाहीत. रात्री पुसल्या गेल्या आणि राहिला नुसता लख्ख दिवस.

मग कधीतरी रंगछटांची आवृत्ती मोठ्या पडद्यावर पाहिली. तोच चौक, तीच शवपेटी, पण सगळं निळ्या अंधारात. ऑरलॉक आता भटकत नव्हता, शिरत होता. शेवटच्या दृश्यात तो एलेनच्या उशाशी आहे, कोंबडा आरवतो, समोरच्या घरांच्या छपरांवर उजेड चढतो आणि निळ्यातून चित्र गुलाबी होतं. हा रंगबदल म्हणजेच त्याचा मृत्यू. काळ्यापांढऱ्या प्रतीत हत्यारच गायब होतं, मेलेला माणूस तेवढा दिसतो. कॅमेरामन फ्रिट्झ आर्नो वाग्नरचं काम ज्यांनी फक्त त्या प्रतीत पाहिलं, त्यांनी ते अर्धंच पाहिलं.

इथेच कादंबरीचा विषय निघतो, कारण मजकुरात ‘चोरी’ हा शब्द अशा थाटात येतो की जणू कादंबरीची पानं फाडून पडद्यावर चिकटवली होती. स्टोकरच्या कादंबरीत उन्हानं पिशाच्च मरतच नाही. त्याचा ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या दिसतो, फक्त दिवसा त्याची शक्ती कमी असते. त्याचा शेवट होतो सूर्यास्ताच्या ऐन क्षणी, दोन सुऱ्यांनी. एक सुरा अमेरिकन क्विन्सी मॉरिसचा आणि दुसरी जोनाथन हार्करची खुकरी, होय, गुरख्यांची खुकरी, साम्राज्याच्या वाटेनं इंग्रज वकिलाच्या हाती आलेली. सूर्यकिरणानं पिशाच्चाची राख होते हे आज पोराटोरांना माहीत असतं. ते स्टोकरनं दिलेलं नाही, या मूकपटानं दिलं आहे. ज्या चित्रपटाला नक्कल म्हणून हिणवलं जातं त्याचीच कल्पना नंतरच्या शंभर वर्षांच्या पिशाच्चकथा वापरत आल्या आहेत.

बदल तेवढाच नाही. स्टोकरची कादंबरी त्या काळच्या नव्या यंत्रांनी खच्चून भरलेली आहे. मीना टंकलेखन करते, डॉक्टर सीवर्ड फोनोग्राफवर रोजनिशी बोलतो, तारा जातात, आगगाड्यांची वेळापत्रकं बघितली जातात. जुन्या पापाला नवं ज्ञान आणि एकजूट झालेली सज्जन माणसं हरवतात, असा तिचा विश्वास आहे. गालेन आणि मुर्नाव यांनी काळ १८३८वर नेऊन ती सगळी यंत्रं काढून घेतली. सज्जनांची टोळीही वगळली. कादंबरीत त्या टोळीचा म्होरक्या असलेल्या व्हॅन हेल्सिंगच्या जागचा प्राध्यापक बुल्वर शिष्यांना किडे खाणाऱ्या वनस्पती दाखवत बसतो, आणि गरज पडते तेव्हा उशिरा येतो. कादंबरीतली मंडळी जिंकतात. चित्रपटात एलेन एकटी, पुस्तकात वाचलेला उपाय मनाशी ठरवून, पिशाच्चाला पहाटेपर्यंत रोखून धरते आणि त्यात मरते.

आणि प्लेग. कादंबरीत प्लेग नाही. चित्रपटात ऑरलॉकबरोबर मातीच्या पेट्यांतून उंदीर येतात, घरांच्या दारांवर खडूच्या खुणा होतात, अरुंद रस्त्यातून शवपेट्यांची रांग जाते आणि भेदरलेलं गाव हुटरचा वेडा झालेला मालक नॉक याच्या मागे दगड घेऊन धावतं. महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ सरून मोजकीच वर्षं झाली होती. बर्लिनच्या प्रेक्षकाला त्या रांगेचा अर्थ सांगायला नको होता. मराठी वाचकालाही नको. ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली त्या १८९७च्या मे महिन्यात पुण्यात प्लेगच्या नावानं घरं धुंडाळली जात होती. माझ्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या गोष्टी माझ्यापर्यंत आल्या आहेत, म्हणून खुणा केलेलं दार पडद्यावर आलं की मी ते दृश्य जर्मनीचं म्हणून बघू शकत नाही.

एक गोष्ट मात्र चित्रपटानं कादंबरीतून खरोखर घेतली, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘ड्रॅक्युला’ला एक निवेदक नाही. ती रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि जहाजाच्या नोंदवहीची पानं यांची बनलेली आहे. मूकपटाला शब्द दाखवावेच लागतात, आणि बहुतेक दिग्दर्शक ते नाइलाजानं दाखवत. मुर्नावनं त्या नाइलाजातून कादंबरीचा घाट उभा केला. विस्बोर्गच्या महामारीची बखर सांगणारं पान, हुटरचं घरी धाडलेलं पत्र, ऑरलॉकचं अगम्य चिन्हांचं पत्र, पिशाच्चांवरचं जुनं पुस्तक, मृत कप्तानाची नोंदवही, गावची दवंडी. प्रत्येकाचं अक्षर वेगळं, कागद वेगळा. पडद्यावर वाचताना आपणही पुरावे गोळा करू लागतो, अगदी कादंबरीच्या वाचकासारखे. मूकपटात शब्द नसतात म्हणून कादंबरी मरते, असं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा बघावा. कागदपत्रांच्या या कादंबरीला पुढच्या कितीतरी बोलपटांपेक्षा हा मुका चित्रपट अधिक जवळचा आहे, असं माझं मत आहे आणि ते मी कुठेही मांडायला तयार आहे.

शेवटचा मुद्दा नटाचा. माक्स श्रेक. ‘श्रेक’चा जर्मन अर्थ धसका, म्हणून हे टोपणनाव असणार, असा तर्क लोकांनी बांधला. ते त्याचं खरं नाव होतं. १८७९मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या कंपनीत काम केलेला, नंतर म्युनिकच्या काम्मरश्पीले नाटकघरात रुजलेला कसलेला नट होता. ‘नोस्फेराटू’ आला त्याच १९२२च्या सप्टेंबरात त्या रंगमंचावर ब्रेख्तच्या ‘रात्रीतले ढोल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात श्रेक होता. पुढच्या वर्षी कार्ल ग्रूनच्या ‘डी श्ट्रासं’ या मूकपटात त्यानं आंधळ्याची भूमिका केली. १९२४मध्ये मुर्नावनंच त्याला ‘ग्रँड ड्यूकची तिजोरी’ अशा अर्थाच्या नावाच्या एका विनोदी चित्रपटात घेतलं. म्हणजे त्याला ओळखणारे लोक म्युनिकच्या नाटकघरात रोज तिकीट काढून बसत होते.

मग कुजबुज आली कुठून? १९२२मधून नाही. १९५०च्या दशकात एका फ्रेंच लेखकानं या नटाच्या ओळखीभोवती गूढ विणलं, आणि २००० साली ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ या चित्रपटानं ‘श्रेक खराच पिशाच्च असता तर’ ही कल्पना घेऊन विलेम डॅफोकडून ती भूमिका करवली. ती उघड उघड कल्पना होती. तिला बातमी केलं ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी.

ऑरलॉक पाहताना मला श्रेकचे खांदे दिसतात. कोपर अंगाशी चिकटवलेले, मान खांद्यांत ओढलेली, पावलं अशी की जणू सांधे वापरायची सवय सुटली आहे. जहाजाच्या तळघरात तो पेटीतून ताठ फळीसारखा उभा राहतो, त्यात यंत्राची करामत आहे. पण नंतर डेकवर तो मान वळवतो ती करामत नाही, ते रंगभूमीवर वर्षानुवर्षं मुरलेलं अंग आहे. नटाला भूत ठरवलं की त्याचं काम उरत नाही, नुसता चमत्कार उरतो.

१९ फेब्रुवारी १९३६च्या संध्याकाळी म्युनिकमध्ये श्रेक एका सहकाऱ्याच्या जागी बदली म्हणून शिलरच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये धर्मगुरूच्या भूमिकेत उभा राहिला. प्रयोगानंतर त्याला बरं वाटेना. त्याला इस्पितळात नेलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.